पंप नसलेलं तळघर

माझे मामा कुणाच्याही घरी गेले की आधी गच्चीवर जातात. चहा नंतर. घरचा माणूस जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून "अहो, बसा तरी" म्हणत असतो आणि हे वर उकिडवे बसून, पाणी जाण्याच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून सडलेला पाला बाहेर ओढत असतात. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले तेव्हाही हेच. मामी सांगते, "माझ्या वडिलांना वाटलं, जावई पळायची वाट शोधतोय."

खिशात त्यांच्या काचेची एक गोटी असते. नव्या गच्चीच्या फरशीवर ती ठेवायची, सोडायची आणि कुठे जाते ते बघायचं. घरंगळत जाळीपाशी गेली तर गवंडी बरा. मध्येच थांबली तर गवंड्याला वर बोलावणं. "ही इथं का थांबली, विचार तिला," असं त्याला म्हणायचं आणि तो विचारेपर्यंत हलायचं नाही. नात्यात त्यांना सगळे पन्हळमामा म्हणतात, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायचा अधिकार एकट्या माझ्या आईचा, कारण ती थोरली.

त्यांचा धंदा असा, की इमारतीवर जेवढा पाऊस पडेल तेवढा कुठल्या वाटेने खाली आणायचा आणि कुठे सोडायचा, हे इमारत उभी राहण्याआधी कागदावर ठरवायचं. मी शाळेत भूमितीत बरा होतो. हे काय, उतार काढला की झालं, अशा समजुतीने मी त्यांच्या ऑफिसात नकाशे काढायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ती समजूत धुऊन निघाली. गच्चीचं क्षेत्रफळ घ्यायचं. तिथे एका तासात जास्तीत जास्त किती पाऊस कोसळू शकतो तो धरायचा. नेहमीचा नाही, आयुष्यात एकदाच येतो तो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे पाइपांवर येणारं ओझं. गच्चीला एकच तोंड कधी द्यायचं नाही, कारण त्यात कावळा घर करणार हे ठरलेलं. निदान दोन द्यायची. शिवाय कठड्यात, फरशीपासून चार बोटं वर, एक जादा तोंड मोकळं सोडायचं. खालची दोन्ही तुंबली तर पाणी तिथून खाली अंगणात उडी मारतं, खालचे लोक शिव्या देतात, पण छत वाचतं. मग उभे पाइप, त्यांच्या पायाशी चेंबर आणि चेंबरपासून रस्त्याच्या नाल्यापर्यंत उताराची आडवी लाइन.

आणखी एक नियम आहे. तो मामांनी मला शिकवला नाही, मी पुस्तकात वाचला. गच्चीचं पाणी आणि रस्त्याच्या पातळीखालचं पाणी एका लाइनीत घ्यायचं नाही. तळघरातलं पाणी वेगळ्या खड्ड्यात गोळा करायचं आणि पंपाने वर चढवून बाहेर टाकायचं.

मामांचं नाव झालं होतं ते नेमकं हा नियम मोडण्यामुळे.

आमच्या बाजारपेठेतला रस्त्याचा नाला चांगला खोल होता, तळघरांच्या जमिनीपेक्षाही खाली. मामांनी ते हेरलं. तळघराच्या जमिनीत जाळी बसवायची, जाळीखालून पाइप काढायचा आणि तो सरळ गच्चीच्या पाण्याच्या चेंबरला जोडायचा. उतार आपोआप मिळतो. पंप नाही, वीज नाही, कटकट नाही. "पंप म्हणजे घरजावई," मामा म्हणायचे, "रोज कुरकुर आणि नेमक्या गरजेच्या दिवशी गावाला गेलेला." ठेकेदारांना हे वाक्य इतकं आवडलं की ते गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून ऐकवायला लागले. पंप नसलेली अशी तीन तळघरं मामांनी दिली. तिन्ही वर्षानुवर्षं खडखडीत कोरडी राहिली. कुणी पाहुणा आला की मामा त्याला तिथे फिरायला न्यायचे. दुसरे लोक पाहुण्यांना बागेत नेतात.

मधल्या काळात बाजारपेठ वाढली. नव्या इमारतींनी आपापलं पाणी त्याच नाल्यात सोडलं आणि नाल्यात गाळ बसत गेला. हे मामांना दिसत नव्हतं असं नाही. पण तिकडे बघायचं कशाला, तळघरं तर कोरडी होती.

तिन्हींतल्या सगळ्यात जुन्या तळघरात एक बाइंडर होता. एकटा माणूस, एका पायाने अधू. पुढच्या मोठ्या खोलीत कागदांचे गठ्ठे आणि त्याचं दाबयंत्र, मागे लहानशी खोली, तिच्यात खाट. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. सुट्टीची दुपार होती, वरची दुकानं बंद होती आणि तो जेवून आडवा झाला होता. त्या दुपारी पाऊस आला तो मामा कागदावर धरायचे तसला. नाला काठोकाठ भरला आणि त्याचं पाणी पुढे सरकेना. गच्चीवरचं पाणी मात्र उभ्या पाइपांतून खाली येतच राहिलं. नाल्यात जागा नाही म्हणून ते पाइपातच साचत वर चढलं, आणि वाटेत त्याला सगळ्यात खालचं जे उघडं तोंड मिळालं ते होतं तळघरातली जाळी.

मागच्या खोलीचं दार बाहेरच्या बाजूला, मोठ्या खोलीकडे उघडणारं होतं. मोठ्या खोलीत पाणी गुडघ्याच्या वर गेल्यावर ते दार आतून ढकलणं धडधाकट माणसालाही जमलं नसतं. दाराखालच्या फटीतून पाणी आत येत राहिलं. संध्याकाळी वरचा दुकानदार डोकवायला आला तेव्हा जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत पाणी होतं आणि त्यावर कोरे कागद तरंगत होते.

चौकशी समिती बसली. ढगफुटी, निसर्गाचा कोप, वर्तमानपत्रांतही तेच. मामांना कुणी बोलावलंच नाही. त्या इमारतीच्या ठेकेदाराचा फोन आला. "साहेब, वरच्याची करणी. त्याला आपण काय करणार?"

मामा म्हणाले, "हं."

पाणी उपसल्यावर ते एकदा तिथे गेले. मी बरोबर होतो. जाळीजवळ बसले, पण हात घातला नाही. परत येताना स्कूटरवर माझ्या मागे बसून म्हणाले, "अजून दोन आहेत."

मला लगेच कळलं नाही. मग कळलं.

दुसरी इमारत कापडाच्या व्यापाऱ्याची. तिच्या तळघरात माणूस राहत नव्हता, गठ्ठे राहत होते. गठ्ठे भिजतील म्हटल्यावर त्याने आठवड्याच्या आत जाळी बुजवून घेतली, खड्डा खणला, पंप बसवला. का, कशासाठी, एक प्रश्न नाही.

तिसऱ्या तळघरात शिवणकामाचा कारखाना होता. लांबलचक खोली, मशिनांच्या दोन रांगा आणि मशिनांवर बायका. कारखाना चालवणारी बाई पन्नाशीची, गळ्यात मोजपट्टी, आणि बोलणं कात्रीसारखं. खोलीच्या टोकाला नव्या कपड्यांवरची खळ धुवायचे हौद होते आणि ते सगळं पाणी मामांच्या जाळीतून जायचं. जाळी बुजवायची म्हणजे हौद बंद. खड्डा आणि पंप होईपर्यंत कारखाना बंद, बायका घरी.

"पावसाळा आला की छत्रीवाले दारोदार फिरतात," बाई म्हणाल्या. "तुम्हीही निघालात का?"

"मी काही विकायला आलो नाही."

"मग काय फुकट घाबरवायला आलात? सांगा की साहेब, आजवर एक थेंब आला नाही वर. इमारत बांधली तेव्हा तुम्हीच मला हिंडवून दाखवलं होतंत. काय ते घरजावयाचं म्हणाला होतात."

मशिनांवरच्या बायका हसल्या. मामांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"नियम बदललेत," ते म्हणाले. "नाल्याची स्थिती बदलली आहे. काळजी म्हणून."

"मग झडप बसवा. पाणी जाईल, येणार नाही, अशी मिळते म्हणे."

"मिळते. पण तुमच्या पाण्यातून दोऱ्यांचे गुंते जातात, चिंध्या जातात. एक चिंधी अडकली की झडप मिटत नाही, उघडीच राहते. मग ती असून नसल्यासारखी."

"हे घ्या. हेही नाही आणि तेही नाही." बाईंनी मोजपट्टी गळ्यातून काढली आणि पुन्हा घातली. "दिवाळखोरीत काढायचंय का मला?"

आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दाराशीच एक बाई म्हणाली, "आले बघा, नाल्याचे भाऊजी." या सगळ्या दिवसांत आभाळ भरून येत होतं आणि दुसरीकडे कुठेतरी रितं होत होतं. मामा सारखे वर बघायचे. रात्री झोपत नव्हते असं मामीने मला सांगितलं, तेही तक्रारीसारखं नाही, बातमीसारखं.

चौथ्या खेपेला त्यांनी बरोबर लेव्हलची नळी घेतली. पारदर्शक, लांब, गवंडी पाणी भरून दोन टोकांची पातळी जुळवतात ती. कारखान्यात गेल्यावर कुणाशी न बोलता तिचं एक टोक काजं करणाऱ्या मावशींच्या हातात दिलं आणि त्यांना स्टुलावर चढवलं. मावशी साठीच्या, पण लगेच चढल्या, कारण त्यांना मशिनीवरून उठायला निमित्त हवंच होतं. दुसरं टोक मामांनी जाळीवर धरलं आणि त्यावर अंगठा ठेवला.

"मावशी म्हणजे गच्ची," मामा म्हणाले.

"अगं बाई, बढती झाली," कुणीतरी म्हणालं.

"ओत रे." मी तांब्याने वरून पाणी ओतलं. नळी भरत वर चढत गेली. "हा माझा अंगठा म्हणजे भरलेला नाला. पाण्याला पुढे जायला जागा नाही. पण पाऊस थांबत नाही, गच्चीवरून येतच राहतं. आता नळीला खाली कुठे बारीकसं भोक असेल तर काय होईल?" त्यांनी खिशातून टाचणी काढली आणि जमिनीपासून वीतभर वर नळीला टोचली.

पाण्याची धार उडाली ती नेमकी बाईंच्या पोलक्यावर. खोली खदखदून हसली. बाईसुद्धा हसता हसता थांबल्या. भोक इवलंसं होतं, पण धार हातभर लांब जात होती, आणि वर स्टुलावर मावशींच्या हातातलं टोक रितं होत होतं.

"म्हणजे सगळ्या गच्चीचं पाणी," बाई हळूच म्हणाल्या.

"सगळ्या गच्चीचं. ते पोटमाळ्यात येत नाही, पहिल्या मजल्यावर येत नाही. सगळ्यात खाली जिथे तोंड उघडं असेल तिथे येतं."

"त्या बाइंडरकडे हेच झालं?"

मामांनी अंगठा काढला. राहिलेलं पाणी जाळीत गेलं.

"हो."

"ती लाइन कुणी काढली होती?"

आता मशिनी सगळ्या बंद होत्या. मावशी अजून स्टुलावरच. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी," ते म्हणाले. "करू नये असं शिकलो होतो आणि केलं. शाबासकी मिळत गेली म्हणून तीन ठिकाणी केलं. तो माणूस पावसाने नाही गेला. माझ्या नकाशाने गेला."

 मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "आणि आम्ही इथे डबे खात बसलोय." कुणी हसलं नाही.

बाईंनी ओलं पोलकं पिळायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "वर्तमानपत्रात तर ढगफुटी म्हणतात," त्या म्हणाल्या.

"त्यांना कुणी सांगितलं नाही."

"मग सांगा. इथे मशिनीवरच्या बायकांना सांगून मोकळे होऊ नका, साहेब. त्याच्या माणसांना वाटतंय देवाने नेलं. चौकशी समितीपुढे जाऊन हेच बोला, मग मी जाळी बुजवते. कारखाना बंद ठेवते. आणि तुम्ही बोललात की नाही ते मला कसं कळणार? तर या मावशी येतील तुमच्याबरोबर." मावशींना त्या म्हणाल्या, "उतरा आता, गच्ची."

हा सौदा मला आडमुठा वाटला. जिवाशी खेळ चाललाय आणि ही अटी घालतेय. स्कूटर सुरू करताना मी तसं म्हणालोही. मामा म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर मी माझ्यावर विश्वास ठेवला असता का?" मी किक मारली.

घरी मामीने सगळं ऐकून घेतलं. कणीक मळत होती, हात थांबला नाही.

"परवाना जाईल."

"जाईल."

"खटलासुद्धा भरतील."

"भरतील."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का? एकाने तरी?"

"नाही."

"मग मी चारचौघांत काय सांगायचं?"

"खरं ते सांग."

"तुम्ही सांगून आल्यावर मला सांगायला उरलंय काय," मामी म्हणाली आणि पोळपाट असा आपटला की मांजर बाहेर पळालं. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलते. अजूनही.

चौकशी समितीच्या कार्यालयात आम्ही तिघे गेलो. मामा, मी आणि काजवाल्या मावशी, ठेवणीतलं लुगडं नेसून. टेबलामागच्या अधिकाऱ्याने यादी चाळली.

"तुम्हाला बोलावलंय का?"

"नाही."

"मग कसे आलात?"

"सांगायला आलो."

"अहो, अहवाल झालाय. टाइप व्हायला गेलाय." त्याने मावशींकडे बघितलं. "या कोण? नातेवाईक?"

"मी ऐकायला आलेय," मावशी म्हणाल्या. "तुम्ही चालू द्या."

मामा बोलले. नकाशा पसरून, बोट ठेवून, जसं मला शिकवतात तसं. अधिकारी आधी घड्याळ बघत होता, मग त्याने घड्याळ बघायचं सोडलं आणि शेवटी उठून दार लावून घेतलं. "तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय बोलताय?" त्याने दोनदा विचारलं. मामा दोन्ही वेळा हो म्हणाले. जिना उतरताना मावशींनी मामांचा दंड धरला होता. त्यांना आधार हवा म्हणून की मामांना, ते मला सांगता येणार नाही.

बाई शब्दाला जागल्या. आम्ही पोहोचायच्या आधी गवंडी तयार होता. जाळी उचलली, पाइपाच्या तोंडात खोलवर काँक्रीट ठासलं, वरून फरशी बसवली. बायका आपापल्या पिशव्या घेऊन जिना चढून गेल्या. एकीने जाता जाता मामांना ऐकवलं, "भाऊजी, मी घरी नवऱ्याला काय सांगू, नळीने रजा दिली?" 

त्याच आठवड्यात पाऊस आला. मामा तळघरात जाऊन उभे राहिले. मी जिन्यात होतो, कारण मला भीती वाटत होती आणि ती लपवायची माझी इच्छा नव्हती. भिंतीतला उभा पाइप आधी खळखळत होता, मग घुमायला लागला आणि मग एकदम गप्प झाला, म्हणजे तो भरला होता. वर अंगणात चेंबरचं झाकण उडाल्याचा आवाज आला. पाणी तिथून रस्त्यावर गेलं, रस्त्यावरच्या गाड्या बुडाल्या. खाली मशिनींच्या दोन रांगांमधली जमीन कोरडी होती. मामा तिच्याकडे बघत उभे होते. चेहऱ्यावर समाधान असेल असं मला वाटलं होतं. नव्हतं.

पुढचं भराभर झालं. अहवाल बदलला, परवाना गेला, ऑफिसला कुलूप लागलं, खटला उभा राहिला. ज्या ठेकेदाराला वरच्याची करणी दिसली होती, त्याने जबाबात सांगितलं की हे सगळं साहेबांच्या हट्टापायी, मी तर पंप बसवा म्हणत होतो. कारखान्यातला खड्डा दुसऱ्याच कुणी काढला. बायका कामावर परतल्या, सगळ्या नाही.

सुनावणीच्या पहिल्या दिवशी बाइंडरची लेक आली होती. मामांहून बरीच लहान, कडेवर मूल. मधल्या सुट्टीत ती बाकाजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही ओरडणार, आणि तिने ओरडावं असंही मला वाटलं.

"लोक म्हणतात, बाबा गटारात गेले," ती म्हणाली. "माझी जाऊ तर तोंडावर म्हणते. तसं आहे का?"

मामा उठून उभे राहिले. "नाही. पहिल्यांदा वर आलं ते थोडं नाल्याचं होतं. खोली भरली ती गच्चीच्या पाण्याने. पावसाचं पाणी. स्वच्छ होतं."

"स्वच्छ होतं."

"हो, बाळ."

तिने मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बाजूच्या खोलीत कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला, आमच्या नाही.

"फार वेळ लागला का हो त्यांना?"

"नाही," मामा म्हणाले. "लवकर झालं."

तिने मान हलवली आणि ती जाऊन समोरच्या बाकावर बसली. मामा उभेच राहिले. गच्चीचं क्षेत्रफळ, त्या दुपारचा पाऊस, दोन्ही खोल्यांची लांबीरुंदी आणि दाराखालची फट घेऊन त्यांनी तो हिशेब केव्हाच केला होता, आणि चूक राहायला नको म्हणून माझ्याकडून तपासूनही घेतला होता. लवकर झालेलं नव्हतं.